पाहिले तेवढेच सांगावे : सुरक्षा दलांच्या भरती परीक्षेतील दृश्य स्मृतीची पूर्वतयारी

(उमेदवार, पालक, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बिदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांतून पहाटे जाणाऱ्या प्रवाशाला एक दृश्य हमखास दिसते. दिवस उजाडण्यापूर्वीच गावाबाहेरच्या रस्त्यावर तरुण मुले, आणि अलीकडे मुलीही, धावत असतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराला ५ किलोमीटर अंतर २४ मिनिटांत, तर महिला उमेदवाराला १.६ किलोमीटर अंतर साडेआठ मिनिटांत पार करावे लागते, हे या मुलांना तोंडपाठ असते. शेतकरी बाप आपले काम सोडून हातात घड्याळ घेऊन बांधावर उभा राहतो, असेही दिसून येते.

ही जिद्द कौतुकास्पद आहे. परंतु तिच्यात एक उणीव राहून जाते. धावण्याची पाळी येते ती संगणकावरील परीक्षेत निवड झाल्यानंतर. ज्याची गाडी त्या पहिल्याच फाटकाशी अडते, त्याचे पाय कितीही तयार असले तरी मैदान त्याला दिसत नाही. पायांची तयारी वर्षभर चालते, डोळ्यांची तयारी मात्र कोणी करीत नाही. डोळ्यांनाही सराव लागतो, आणि तो सराव घरात, शाळेत व बाजारात विनाखर्च करता येतो, हे सांगणे हाच प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू होय.

परीक्षेचे स्वरूप

सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, भारत-तिबेट सीमा पोलीस, सशस्त्र सीमा बल आदी दलांतील शिपाई पदांची भरती कर्मचारी निवड आयोगामार्फत होते. दहावी उत्तीर्ण उमेदवार तीस पात्र असतात. परीक्षेत ८० प्रश्न, १६० गुण आणि ६० मिनिटे अशी योजना आहे. बुद्धिमत्ता व तर्कशक्ती, सामान्य ज्ञान, प्राथमिक गणित आणि इंग्रजी किंवा हिंदी भाषा, असे प्रत्येकी २० प्रश्नांचे चार भाग असतात. हिशेब केला तर एका प्रश्नाच्या वाट्याला केवळ ४५ सेकंद येतात.

बुद्धिमत्तेच्या भागाच्या अभ्यासक्रमात साम्य व भेद, अवकाशीय आकलन, निरीक्षण यांच्या जोडीला ‘दृश्य स्मृती’ हा विषय स्पष्टपणे नमूद केलेला आहे. दृश्य स्मृती म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले चित्र, आकृती, चेहरा वा आकडा मनात जसाच्या तसा धरून ठेवण्याची शक्ती.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. चित्र दाखवून ते काढून घेतात आणि मग प्रश्न विचारतात, अशी समजूत पुष्कळ मुलांची असते. अमेरिकेतील अनेक पोलीस भरती परीक्षांत तशी पद्धत आहे. रस्त्याचे किंवा घटनास्थळाचे चित्र काही मिनिटे पाहावयास देतात, ते काढून घेतात आणि मग माणसे, वाहने व पाट्या यांविषयी विचारतात. आपल्याकडे सैन्यातील अधिकारी निवडणाऱ्या मंडळात ३० सेकंद एक चित्र दाखवून त्यावर कथा लिहावयास सांगतात. शिपाई भरतीच्या संगणक परीक्षेत मात्र आकृती पडद्यावरच असते. तरीही स्मृतीचे काम टळत नाही. मूळ आकृती आणि चार पर्याय यांमध्ये डोळा सारखा ये-जा करतो. ज्याला मूळ आकृती एका नजरेत मनात धरता येते त्याचे काम एका फेरीत होते. ज्याला ती धरता येत नाही तो पाच वेळा मागे वळून पाहतो आणि ४५ सेकंद तेथेच संपतात. वेळ पुरत नाही ही सर्वसाधारण तक्रार पुष्कळदा वेळेची नसून नजरेची असते.

नजर कशी विसरते

दृश्य स्मृती ही जन्मजात देणगी आहे, कोणाला असते कोणाला नसते, असे मानून बसणे योग्य नव्हे. या विषयाचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे आणि त्यातून उपयोगी गोष्टी हाती येतात.

१९६० मध्ये जॉर्ज स्पर्लिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने तीन ओळींत प्रत्येकी चार अशी बारा अक्षरे एका सेकंदाच्या विसाव्या भागापुरती दाखविली. लोकांना त्यांतील चार-पाचच सांगता आली. मात्र अक्षरे नाहीशी होताच अमुकच ओळ सांगा अशी खूण केली, तेव्हा कोणत्याही ओळीतील बहुतेक अक्षरे सांगता आली. याचा अर्थ असा की क्षणभर सारेच चित्र मनात असते, पण सांगता सांगता ते पुसले जाते. म्हणून ज्याने काय आधी टिपावयाचे याचा क्रम ठरविलेला असतो त्याच्या पदरात अधिक पडते.

दुसरी गोष्ट १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी बुद्धिबळाच्या पटावर दाखवून दिली. खऱ्या डावातील मांडणी पाच सेकंद दाखविली असता निष्णात खेळाडू बहुतेक सोंगट्या जागच्या जागी मांडून दाखवीत, नवख्यांना थोड्याच जमत. परंतु सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या, तेव्हा निष्णात खेळाडूचा तो वरचढपणा जवळजवळ नाहीसा झाला. त्याची स्मृती अलौकिक नव्हती. ओळखीच्या मांडणीचे गट करून पाहण्याची त्याला सवय होती, इतकेच. गुराखी शंभर जनावरांत आपले खोंड ओळखतो, बिदरी कारागीर नक्षीतील चुकलेली एक पाकळी दुरून हेरतो, तेही याच कारणाने.

तिसरी गोष्ट शिक्षकांच्या विशेष उपयोगाची आहे. २००६ मध्ये रोडिगर व कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवते. दृश्य स्मृतीचा सरावही याच रीतीने करावा. चित्राकडे दहा मिनिटे टक लावण्यापेक्षा एक मिनिट पाहून, झाकून, आठवून लिहिणे अधिक हितावह होय.

सरावाची रीत

पाहण्याला ठराविक क्रम असावा. एक मिनिटाच्या सरावासाठी पुढील क्रम सोयीचा पडतो. पहिली दहा सेकंदे संपूर्ण चित्रावर नजर फिरवावी : जागा कोणती, वेळ कोणती, काय चालले आहे. पुढील पंचवीस सेकंदे माणसांना द्यावीत. डावीकडून उजवीकडे जात माणसे मोजावीत व प्रत्येकाचा पोशाख, हातातील वस्तू व तोंडाची दिशा टिपावी. त्यानंतरची पंधरा सेकंदे वाहने, पाट्या, घड्याळ व आकडे यांना द्यावीत. शेवटची दहा सेकंदे डोळे मिटून तेच चित्र त्याच क्रमाने मनात पुन्हा उभे करावे. पुष्कळ उमेदवार ही शेवटची दहा सेकंदेही पाहण्यातच घालवितात आणि त्यामुळे हाती आलेले घरंगळून जाते.

पाहताना मनातल्या मनात शब्द उच्चारावा. ‘पिवळा फेटा, डाव्या हातात छत्री’ असे म्हटले की चित्राला शब्दाचा आधार मिळतो. संख्या मोजून ठेवावी. ‘बरेच लोक’ ही आठवण नव्हे, ‘सहा लोक, त्यांत दोन स्त्रिया’ ही आठवण होय.

वाहनांचे क्रमांक हा सरावाचा उत्तम विषय आहे. सीमाभागात तीन राज्यांची वाहने एकाच रस्त्याने धावतात. केए ३८ म्हणजे बिदर, केए ३९ म्हणजे भालकी, केए ३२ म्हणजे कलबुर्गी, एमएच २४ म्हणजे लातूर, एमएच २६ म्हणजे नांदेड. ज्याला ही ओळख पक्की आहे त्याला पहिली चार चिन्हे वेगळी लक्षात ठेवावी लागत नाहीत. ‘भालकीची गाडी’ एवढे म्हटले की पुरे. मग उरलेली अक्षरे व चार आकडे दोन-दोनाच्या जोडीने धरावेत. बसथांब्यावर उभे असताना समोरून गेलेल्या पाच वाहनांचे क्रमांक आठवून वहीत लिहावेत आणि सोबत्याने टिपलेल्या क्रमांकांशी ताडून पाहावेत.

आकृतींच्या प्रश्नांसाठी आरशातील प्रतिमा, लपलेली आकृती, अपुरी आकृती अशा प्रत्येक प्रकाराचे पाच-पाच प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत. मूळ आकृतीतील एकच ठळक खूण, उदाहरणार्थ काळा ठिपका कोणत्या कोपऱ्यात आहे किंवा बाण कोणीकडे वळला आहे, ही प्रथम धरावी आणि तिच्या आधारे चुकीचे पर्याय गाळीत जावे. सुरुवातीस प्रत्येक प्रश्नाला दीड मिनिट द्यावे, पुढे एक मिनिट, आणि परीक्षेच्या महिनाभर आधी ४५ सेकंदांवर यावे.

शरीराकडेही दुर्लक्ष करू नये. या दलांच्या भरतीत चष्म्याविना दृष्टी तपासली जाते आणि रंगांधळेपणा असल्यास उमेदवार अपात्र ठरतो. वर्ष-दोन वर्षे तयारी करून अखेरीस हे कळावे यासारखे दुर्दैव नाही. तयारीस लागण्यापूर्वीच सरकारी रुग्णालयात डोळे तपासून घ्यावेत. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करू नये, कारण दिवसा शिकलेले मनात मुरते ते झोपेत.

चित्राला भाषा नसते, प्रश्नाला असते

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत जुन्या हैदराबाद संस्थानातील बिदर जिल्ह्याची वाटणी झाली आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू व दखनी बोलणारी घरे तीन राज्यांच्या सीमेवर आली. मराठी माध्यमात शिकलेल्या या भागातील मुलाला भरतीच्या परीक्षेत भाषेची धास्ती वाटते, ती निराधार नाही. परंतु परिस्थिती काही अंशी बदलली आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२३ मध्ये निर्णय घेतला आणि २०२४ पासून शिपाई भरतीची ही परीक्षा हिंदी व इंग्रजीखेरीज १३ प्रादेशिक भाषांतून घेतली जाऊ लागली. त्यांत मराठीही आहे आणि कन्नडही आहे. अर्ज भरतानाच माध्यमाची निवड करावयाची असते. ती विचारपूर्वक करावी. भाषेचा भाग मात्र इंग्रजी किंवा हिंदीतच असतो, हे विसरू नये.

कर्नाटक राज्य पोलीस दलात जावयाचे तर कन्नडला पर्याय नाही, आणि तसे असणे रास्तही आहे, कारण तक्रार घेऊन येणारा माणूस ज्या भाषेत बोलेल ती शिपायाला समजलीच पाहिजे. संविधानाच्या अठ्ठ्याण्णवाव्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३७१ (जे) मुळे कल्याण कर्नाटकातील स्थानिक उमेदवारांसाठी राज्यसेवेत जागा राखून ठेवण्याची सोय झाली आहे. मराठी भाषक स्थानिक उमेदवारही तिचा लाभ घेऊ शकतो. त्यासाठी स्थानिकत्वाचा दाखला वेळेत काढावा आणि कन्नड शिकावी. दृश्य स्मृतीच्या दृष्टीने आरंभी थोडेच शब्द पुरतात. ‘एड’ म्हणजे डावा आणि ‘बल’ म्हणजे उजवा. उजव्या हातात बल असते असे स्मरले की गल्लत होत नाही. केंपु म्हणजे तांबडा, हसिरु म्हणजे हिरवा, हळदी म्हणजे पिवळा, बिळी म्हणजे पांढरा, कप्पु म्हणजे काळा. रंग आणि दिशा दोन्ही भाषांत पक्क्या असल्या म्हणजे पाहिलेले सांगताना जीभ अडखळत नाही.

शाळेने काय करावे

शिक्षकांसाठी एक जुना खेळ हाताशी आहे. रुडयार्ड किपलिंग यांच्या १९०१ च्या ‘किम’ या कादंबरीत एका मुलाला ताटातील खडे क्षणभर दाखवून, झाकून, त्यांचे वर्णन करावयास लावतात. लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी १९०८ मध्ये हाच खेळ बालवीरांच्या शिक्षणात आणला आणि तो आजही ‘किमचा खेळ’ म्हणून स्काउट-गाइड पथकांत खेळला जातो. यासाठी काही विकत आणावे लागत नाही. ज्वारीचे कणीस, तुरीची शेंग, किल्ली, काडेपेटी, बसचे तिकीट, सुतळी, खडू, बांगडी अशा वीस-चोवीस वस्तू ताटात मांडाव्यात, एक मिनिट दाखवून वर कापड टाकावे आणि मुलांना यादी लिहावयास सांगावे. पुढे वस्तूंची जागा बदलावी, एखादी काढून घ्यावी आणि ‘काय बदलले?’ असे विचारावे. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे दिली तरी मुलांची नजर तरतरीत होते.

यादी तपासताना मात्र एक नियम कटाक्षाने पाळावा. वहीवर तीन रकाने आखावेत : ‘पाहिले’, ‘अंदाज’ आणि ‘आठवत नाही’. आठवलेली प्रत्येक गोष्ट यांपैकी एका रकान्यातच लिहावी. ताटात नसलेली वस्तू ‘पाहिले’ या रकान्यात लिहिली गेली, तर ती वस्तू विसरण्यापेक्षा मोठी चूक मानावी. असा कडक नियम कशासाठी, हे सांगून हे विवेचन पूर्ण करावयाचे आहे.

अंदाजाची किंमत

परीक्षेत एका चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो आणि बरोबर उत्तराला दोन गुण मिळतात. एक-दोन पर्याय खात्रीने गाळता आले तर उरलेल्यांतून अंदाज करणे तोट्याचे नसते, हे चलाख उमेदवाराला ठाऊक असते. परंतु गणवेश चढल्यावर हे गणित उलटते.

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचा छोटा चित्रपट दाखविला. नंतर पन्नास जणांना ‘मोटारी एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता?’ असे विचारले, पन्नास जणांना ‘धडकल्या तेव्हा’ असे विचारले आणि उरलेल्यांना वेगाविषयी काहीच विचारले नाही. आठवड्यानंतर सर्वांना प्रश्न केला की फुटलेली काच दिसली काय? चित्रपटात काच फुटलीच नव्हती. तरी ‘जोरात आदळल्या’ हा शब्द ऐकलेल्यांपैकी १६ जणांनी, ‘धडकल्या’ ऐकलेल्यांपैकी ७ जणांनी आणि काहीच न विचारलेल्यांपैकी ६ जणांनी ‘होय’ म्हणून सांगितले. एवढ्या एका शब्दाने न पाहिलेली वस्तू स्मृतीत येऊन बसली, आणि सांगणारे कोणी खोटे बोलत नव्हते.

अमेरिकेत उत्तर कॅरोलिना राज्यात १९८४ मध्ये घडलेल्या एका गुन्ह्यात पीडित तरुणीने हल्लेखोराचा चेहरा मुद्दाम लक्षात ठेवण्याचा प्रयत्न केला होता. पुढे तिने छायाचित्रांतून व ओळख परेडीतून रोनाल्ड कॉटन या तरुणाला ओळखले. तो दोषी ठरला. १९९५ मध्ये डीएनए तपासणीने खरा गुन्हेगार दुसराच असल्याचे सिद्ध झाले, तोवर कॉटनची दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेली होती. ओळखणारी तरुणी प्रामाणिक होती आणि तिला स्वतःविषयी खात्रीही होती. खात्री आणि सत्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनेने जगाला शिकविले.

म्हणूनच कायद्यानेही स्मृतीवर आंधळा विश्वास ठेवलेला नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६२ प्रमाणे, घटनेच्या वेळी किंवा त्यानंतर लगेच स्वतः लिहिलेले टिपण पाहून साक्षीदाराला आपली स्मृती ताजी करता येते. जुन्या १८७२ च्या कायद्यातही तशी तरतूद होती. ज्या शिपायाला पाहिल्याबरोबर टिपण्याची आणि पाहिलेले व अंदाजलेले वेगळे ठेवण्याची सवय आहे, त्याचे टिपण न्यायालयात टिकते. ज्याला रिकाम्या जागा भरण्याची सवय आहे, तो एखाद्या निरपराध्याच्या घरावर संकट आणतो. ते घर उद्या याच तालुक्यातील, याच गल्लीतील असू शकते.

पालकांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कर्नाटकात ५४५ पोलीस उपनिरीक्षक पदांसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये झालेली परीक्षा गैरप्रकार उघडकीस आल्याने २०२२ मध्ये रद्द करण्यात आली आणि फेरपरीक्षा जानेवारी २०२४ मध्ये झाली. प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या हजारो मुलामुलींची मोलाची वर्षे त्यात खर्ची पडली. पैसे घेऊन जागा मिळवून देतो म्हणणारा दलाल दारात आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. शेत विकून दलालाचे घर भरण्यापेक्षा मुलाला एक वही, एक पेन्सिल आणि एक घड्याळ द्यावे. तयारीला याहून अधिक लागत नाही.

उद्याही पहाटे सीमाभागातील रस्त्यांवर मुले धावतील. धावून आल्यावर त्यांनी पाच मिनिटे झाडाखाली बसावे आणि वाटेत काय दिसले ते वहीत लिहावे : कोणती वाहने गेली, विहिरीवर किती माणसे होती, कोणत्या शेतात पाणी चालू होते. जे पाहिले ते पहिल्या रकान्यात, जे वाटले ते दुसऱ्या रकान्यात. आणि जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असे निःसंकोचपणे तिसऱ्या रकान्यात लिहावे. अशा सवयीची मुले परीक्षेत यशस्वी होतीलच, आणि गणवेश चढवून गावी परतली की त्यांच्या शब्दावर गावाला विसंबता येईल.